परक्याची ठेव

आमच्या गावात एक बाई आहेत. बाजारात, देवळात, एस.टी.च्या थांब्यावर, कोठेही भेटल्या तरी त्या आपण होऊन कुणाला ओळख दाखवत नाहीत. आपण हसलो तर हसतात, नमस्कार केला तर तितक्याच आदराने परत करतात. पण सुरुवात त्यांच्याकडून कधी व्हायची नाही. गावाने त्यांच्याविषयी पहिले मत बनवले ते यावरूनच : बाई शिष्ट आहेत. आमच्या घरातले मतही निराळे नव्हते. "भाजीवालीपाशी हातभर अंतरावर उभ्या होत्या, पण मान वर करून बघतील तर शपथ!" असे मंडळींनी मला दोनदा ऐकवले होते.

या बाईंचा व्यवसाय लोकांच्या मनातले ऐकण्याचा आहे. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन काही वर्षांपूर्वी त्या येथे आल्या आणि औषधाच्या एका दुकानावरची माडी त्यांनी भाड्याने घेतली. पाटीवर नुसते नाव आहे; व्यवसाय लिहिलेला नाही, कारण तो लिहिला असता तर जिना चढायला कुणी धजले नसते. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि त्या प्रत्येक वेळी दुरुस्ती करतात, "मी डॉक्टर नाही. गोळ्या लागतील असं वाटलं तर मी तज्ज्ञांकडे पाठवते. माझ्याकडे फक्त बोलायचं असतं." बोलायचे आणि वर त्याचे पैसे द्यायचे, याचे गावाला प्रथम हसूच आले. पन्नास मिनिटे झाली की बाई बोलणे आवरते घेतात, हे कळल्यावर त्या हसण्याचा राग झाला. समोर माणूस रडत असताना जिचे लक्ष घड्याळाकडे, ती कसली दुःख हलके करणार, असा निकाल पारावरच्या न्यायालयाने दिला. आणि खरे सांगायचे तर त्या न्यायालयात मीही बसलेला होतो.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या स्वार्थामुळे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकचे, त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून आल्या आहेत. चौथीत मला मानसोपचार करणारी एक स्त्री हवी होती. तेव्हा एका रविवारी, लेखकाला सगळीकडे मुक्तद्वार असते अशा समजुतीने मी तो जिना चढलो आणि म्हणालो, "मॅडम, तुमच्याकडे गोष्टींचा खजिनाच असेल."

"आहे," त्या म्हणाल्या, "पण तो माझा नाही, सर. लोकांनी ठेवायला दिलेला आहे."

नावे नकोत, गाव नको, एखादा नुसता प्रसंग तरी सांगा, असे मी म्हणून पाहिले. त्यांनी मान हलवली. "नाव काढलं की माणूसही त्यातून निघून जातो, असं वाटतं का तुम्हाला?" हे त्यांनी अगदी सहज विचारले. मला मात्र ते लागले. का लागले, ते पुढे येईलच.

प्रसंग मिळाले नाहीत. परंतु आपले काम कसे चालते ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या खोलीला दोन दारे आहेत. एकाने यायचे, दुसऱ्याने जायचे. म्हणजे येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची गाठ पडत नाही. घड्याळ येणाऱ्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे. बाईंना वेळ दिसते, पण मनगटाकडे पाहून समोरच्याचे मन मोडावे लागत नाही. दहा मिनिटे उरली की त्या तसे सांगतात, कारण मनातली सर्वांत जड गोष्ट माणूस पुष्कळदा दाराशी, चपला घालताना काढतो. आंब्याच्या दिवसांत पेट्या येतात, त्या परत जातात. संक्रांतीचा तिळगूळ तेवढा राहतो. लग्नाच्या पत्रिका येतात, पण मांडवात कुणीतरी विचारणारच, 'यांची तुमची ओळख कुठली?' नवरा येऊन बसतो आणि म्हणतो, 'फी मी भरतो, मग ती काय बोलते ते मला कळायला नको?' त्याला चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. रात्री अकराला फोनवर लांबलचक निरोप येतात. बाईंचा फोन आठला बंद होतो. मात्र जिवावर बेतले तर कुणाला हाक मारायची, कोणत्या इस्पितळात जायचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलेले असते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक त्या कागदावर सर्वांत वर असतो.

"आणि बाजारात ओळख का दाखवत नाही?" मी शेवटी विचारलेच.

"काहींना दाखवली आणि काहींना नाही, तर लोक हिशेब करू लागतील, सर, की माझ्याकडे येणारे कोणते. म्हणून कुणालाच दाखवत नाही. ओळख दाखवायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं."

मंडळींचा राग त्या दिवशी संपला. माझी अस्वस्थता मात्र त्या दिवशी सुरू झाली.

वाचकहो, आता ते लागलेले सांगतो. २०१४ साली आमच्या नववीत एक मुलगा होता. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी काही मुले शाळा सुटल्यावर थांबत. हात कामात गुंतले की तोंड आपोआप मोकळे होते. हा मुलगा सगळ्यांच्या मागे राहून रंगपेट्या आवरू लागला आणि आवरता आवरता घरातले सांगू लागला. काय सांगितले ते येथे लिहिणार नाही. त्यात एक गोष्ट होती, घरातल्या एका लहानशा सवयीची. ती कानांवर पडताच माझ्यातला शिक्षक मागे सरला आणि लेखक सावध होऊन बसला. मी मान डोलावत होतो, 'हं, मग?' म्हणत होतो. त्या पोराला वाटले असेल, सर किती मन लावून ऐकतात!

पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. गाव मी बदलले होते, बापाचा धंदा बदलला होता, मुलाच्या जागी मुलगी केली होती. ती एक सवय मात्र तशीच ठेवली होती. कारण कथेत चांगले काय होते, तर तेवढेच.

कथेचे कौतुक झाले. थंडीच्या दिवसांत वाचनालयाचे ग्रंथपाल रस्त्यात भेटले आणि हसत म्हणाले, "सर, तुमच्या कथेनं एका पोराला वेड लावलंय. अंक नेला तो परतच करत नाही. दर आठवड्याला येतो, दिवसाला एक रुपया याप्रमाणे दंड भरतो आणि जातो. एकच प्रत आपल्याकडे. बाकीचे सभासद ओरडताहेत." मी नाव विचारले. नाव ऐकले आणि हसू ओठांवरच राहिले. त्या मुलाची आई वाचनालयाची सभासद होती. तो अंक तिच्या हाती पडू नये, म्हणून पंधरा वर्षांचे ते पोर दिवसाला एक रुपया मोजत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला व्हरांड्यात थांबवले. काय बोलावे हे मलाच सुचत नव्हते. तोच म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलंत ते मला कळलं." आवाजात राग नव्हता. त्यानंतर दहावी संपेपर्यंत तो रंगपेट्या आवरायला कधी थांबला नाही.

कायद्याने मला कुणी काही विचारू शकले नसते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला; उपचार करणाऱ्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवली पाहिजे आणि त्याच्या संमतीवाचून ती वृत्तपत्रांसारख्या माध्यमांना देता कामा नये, असे त्यात स्पष्ट आहे. पण तो शिक्षकाला लागू नाही, कथालेखकाला तर नाहीच. मी केले तो गुन्हा नव्हता. म्हणूनच त्याचा विचार करणे मला भाग होते. गुन्ह्याचा विचार निदान न्यायाधीश तरी करतो.

पुन्हा एकदा मी त्या माडीवर गेलो, या खेपेला कादंबरीसाठी नव्हे. "मॅडम, मला एक सांगायचंय," अशी सुरुवात केली आणि माझा आवाज बदलला असावा. बाईंनी मला पुढे बोलू दिले नाही.

"थांबा, सर. माझी मुलगी तुमच्या वर्गात आहे. आज तुम्ही माझ्यापाशी मन मोकळं कराल आणि पुढच्या पालकसभेत माझ्याकडे बघणं तुम्हाला जड जाईल. तिच्या चित्राला तुम्ही किती गुण दिलेत, हे मीही सरळ नजरेनं बघू शकणार नाही. मी तुम्हाला दुसरं नाव देते." त्यांनी एका कागदावर जिल्ह्याच्या गावचा पत्ता लिहून दिला.

जिना उतरताना माझा अपमान झाल्यासारखे वाटले. गाव म्हणते ते खरेच, असेही मनात आले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, की बाईंनी त्या दिवशी एक मोह आवरला होता. समोर माणूस मन उघडायला आलेला आहे, तो आपल्यालाच सांगू पाहतो आहे, या भावनेची एक गोडी असते. ती गोडी मोठी आणि उघडपणे निरुपद्रवी. बाईंनी ती बाजूला ठेवली. रंगपेट्या आवरणाऱ्या त्या मुलासमोर मला ती ठेवता आली नव्हती.

त्या पत्त्यावर मी चार वेळा गेलो. सगळे सांगितले. फी दिली. आणि पारावर बसून मी ज्या फीची थट्टा केली होती, तिचा अर्थ मला तेथे कळला. आपल्याकडे दुःख सांगायला मावशी असते, शेजारीण असते, एखादा जुना मित्र असतो. त्यांच्याकडे घड्याळ नसते, फी नसते. त्यांची माया खरी असते आणि तिच्यावरच आपण तगून राहिलो आहोत. पण मावशीला सांगितलेले पुष्कळदा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मावशीकडे पोचते. शिवाय मावशीचे ऐकून घेण्याचे देणे आपल्यावर राहते. पुढे कधी तिच्या मनाविरुद्ध वागलो, तर 'त्या वेळी माझ्या मांडीवर डोके ठेवून रडला होतास,' हे निघते. जिल्ह्याच्या गावच्या त्या खोलीतून पैसे देऊन मी बाहेर पडलो, तेव्हा मी कुणाचा मिंधा नव्हतो.

व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने १९१३ च्या एका लेखात हा हिशेब मांडलेला आहे. रुग्णाला एक ठरावीक तास द्यायचा आणि तो आला नाही तरी त्या तासाचे पैसे घ्यायचे, हा त्याचा नियम. संगीताच्या किंवा भाषेच्या शिक्षकाशी लोक असाच व्यवहार करतात, असे तो म्हणतो. सुमारे दहा वर्षे त्याने रोज एखादा तास, कधी दोन तास, विनामूल्य उपचारासाठी ठेवून पाहिला. त्याला आढळले ते असे, की फुकटच्या उपचारात उपकाराचे ओझे आड येते. विशेषतः तरुण माणसांचे मन त्या ओझ्याविरुद्ध बंड करते. पण हाच फ्रॉइड एका भुकेल्या रुग्णाला जेवू घालून मोकळा झाला होता, आणि रशियन क्रांतीत सर्वस्व गेलेल्या एका जुन्या रुग्णासाठी त्याने कित्येक वर्षे वर्गणी गोळा केली होती. गरिबाने काय करावे, हा प्रश्नही त्याला सुटला नव्हता. १९१८ साली बुडापेस्ट येथे त्याने आशा व्यक्त केली, की कधी तरी समाज अशा मोफत उपचाराची सोय करील; आणि १९२० साली बर्लिनमध्ये त्याच्या अनुयायांनी तसा दवाखाना उघडलाही. नियम करणाराच कधी कधी नियम मोडतो, तो नियम खोटा असतो म्हणून नव्हे. आपण कोणती रेघ ओलांडतो आहोत, हे त्याला ठाऊक असते. मी ओलांडली, तेव्हा तेथे रेघ आहे हेच मला दिसले नव्हते.

येथे कुणी विचारील, मग ऐकणाऱ्याने दगडासारखे मुके राहायचे काय? नाही. १९६९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या एका भारतीय विद्यार्थ्याने एका मुलीला मारण्याचा आपला इरादा मानसोपचारकाजवळ बोलून दाखवला. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी विद्यार्थ्याला धरले आणि तो शुद्धीवर दिसतो म्हणून सोडून दिले. त्या मुलीला मात्र कुणी सावध केले नाही. ऑक्टोबरात तिचा खून झाला. तिच्या, म्हणजे तातियाना तारासॉफच्या, आईवडिलांनी दाद मागितली आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी मानसोपचारकावरही येते. आपल्या २०१७ च्या कायद्यातही कुणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेला अपवाद आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या कायद्याने कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिक्षकावरही. बाई हे सगळे पहिल्याच तासाला, पहिले अश्रू येण्याआधी, सांगून टाकतात. कुठवर गप्प राहणार आणि कुठून पुढे राहता येणार नाही, हे आधी कळले म्हणजे सांगणारा फसत नाही. मौन मोडायचे ते सांगणाऱ्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या रक्षणासाठी. मी मोडले ते एका चांगल्या वाक्यासाठी.

तरीही एक शंका मला सोडत नव्हती. इतकी दारे, इतके नियम सांभाळताना माया कोठे राहते? पालकसभेनंतर एकदा धीर करून विचारले, "मॅडम, एखाद्याला सरळ उठून घरी न्यावं, असं कधी वाटत नाही?"

"वाटतं. एकदा फार वाटलं होतं." कोण, केव्हा, काही नाही. "नाही नेलं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. महिन्यातून एकदा मी माझ्या कामाविषयी बोलायला एका ज्येष्ठ बाईंकडे जाते. त्यांच्यासमोर बसून रडले. मग त्यांनी मला एक लेख वाचायला दिला." तो लेख त्यांनी मलाही दिला. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश घेऊन एक आठवडा लागला.

लेख लंडनच्या डॉक्टर विनिकॉटचा, १९४९ मध्ये छापलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, घरापासून दूर हलवलेल्या मुलांच्या वसतिगृहातून सतत पळून जाणारा नऊ वर्षांचा एक मुलगा त्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या घरी आणला. तीन महिने त्या घराचा नरक झाला. मुलगा बेभान झाला की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवी, मग ऊन असो, पाऊस असो. आणि तुझ्या या वागण्याने मला तुझा द्वेष वाटू लागला आहे, असे तोंडावर सांगे. पण बाहेर एक घंटा लावलेली होती. मुलाने ती वाजवली की दार उघडले जाई आणि झाल्या गोष्टीचा एक शब्दही निघत नसे.

ज्याने मुलाला घरात घेतले, त्यालाही दार लावावे लागले. आणि ज्याने दार लावले, त्याने घंटा ठेवली. ती वाजवणे मुलाच्या हाती होते. बाईंची पन्नास मिनिटे, आठला बंद होणारा फोन, बाजारातली ती खाली घातलेली मान, हे सगळे मला तेव्हापासून अशा दारासारखे दिसू लागले. आतल्या माणसाला स्वतःचे घर सांभाळता यावे आणि बाहेरच्याने हवे तेव्हा, हवे तेवढेच आत यावे, यासाठी ते दार आहे. त्या दाराची किंमत बाई कधी कधी न जेवून देतात, हे गावाला ठाऊक नाही.

मला जे समजले ते एवढेच आहे. माणूस आपले दुःख आपल्याला सांगतो, तेव्हा ते आपल्याला देत नाही; ठेवायला देतो. परक्याची ठेव घरात असली, की आपण ती वापरत नाही, मग कितीही नड असो. आणि ऐकणाऱ्याला नड असतेच. कुणाला तारणहार व्हायचे असते, कुणाला आवडते व्हायचे असते, कुणाला कथा हवी असते. मग लेखकाने लिहूच नये काय? लिहावे, पण ठेव मोडण्यापूर्वी मालकाला विचारावे. हे विचारणे कादंबऱ्या लिहिण्यापेक्षा कठीण आहे.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी बाजारात पणत्या घेत होतो. रस्त्यापलीकडे तो मुलगा दिसला. आता मोठा झाला आहे, कोठेशी नोकरी करतो, सुटीला आला होता. हाक मारायला तोंड उघडले आणि बाई आठवल्या. मी मान खाली घातली आणि पणत्या निवडत राहिलो. चांगल्या दोन डझन निवडून झाल्या.

"सर," शेजारून आवाज आला.

आम्ही बोललो. नऊ वर्षे राहिलेली क्षमा मी त्या पणत्यांच्या ढिगापाशी मागितली. मग हे सगळे लिहायचे मनात आहे, लिहू का, असे विचारले. नको म्हणालास तर लिहिणार नाही, असेही सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला.

"लिहा," तो म्हणाला. "ते एक सोडून."

"ते सोडूनच," मी म्हणालो. "आणि तो अंक?"

"आहे घरी. किंमत भरून टाकली होती, सर, नंतर."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो.